बगळ्याची फाइल

नाटकवाल्यांना राजाच्या झग्यावर पाठभर पसरलेला बगळा हवा होता, तोही परवापर्यंत. शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या भरतकामाच्या मशीनला नक्षीची फाइल दिली, की ते आपोआप टाके घालायचं. पण बगळ्याची फाइल आणायची कुठून?

काकू घरच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. एका साइटवर हवा तसाच बगळा फुकट मिळत होता. त्यांनी भलंमोठं हिरवं बटण दाबलं, फाइल उतरली आणि लगेच पडद्यावर लाल इशारा आला. काकूंनी नाव नीट वाचलं. नाव बगळ्याचंच, पण शेवटी 'ईएक्सई'. म्हणजे नक्षी नव्हेच, उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम.

बस चालवणारे काका तेवढ्यात ड्यूटीवरून आले. बूट काढता काढता म्हणाले, "अगं, तो अँटिव्हायरस घडीभर बंद कर आणि उघड की. उठसूट ओरडायची खोडच आहे त्याला."

"वन्संचं काय झालं, विसरलात? असंच काहीतरी उघडलं आणि लेकीचे सगळे फोटो गेले. अजून विषय निघाला की रडतात."

"मग नाटकवाल्यांना काय सांगणार? बगळा उडाला?"

काकूंना हसू आलं, पण त्या बधल्या नाहीत. "माझ्या सगळ्या नक्ष्या ह्याच्यात आहेत. फुकटच्या बगळ्यापायी त्या घालवायच्या नाहीत मला."

त्यांनी फाइल न उघडताच पुसली आणि अँटिव्हायरसकडून सगळा कॉम्प्युटर तपासून घेतला. काही सापडलं नाही, तेव्हा जिवात जीव आला. तरी नक्ष्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन तिची वायर काढून ठेवली. मग मशीनच्या पुस्तिकेतला पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्या साइटवर गेल्या. तिथे हंस होता, पोपट होता, बगळा नव्हता.

"हंस चालेल की," काका म्हणाले.

"बगळा म्हणजे बगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मशीनसोबत आलेल्या प्रोग्रॅममध्ये स्वतः बगळा आखायला बसल्या. पंख जमले, मान जमेना. चिंधीवर काढून बघितली, उसवली, पुन्हा काढली. काका मुकाट्याने स्वयंपाकाला लागले. दुपार कलली तेव्हा कुठे मान हवी तशी वळली.

तिसऱ्या दिवशी तालमीत झगा घालून नट पाठमोरा उभा राहिला. दिग्दर्शक बाई जवळ येऊन टाके निरखू लागल्या.

"कुठून आणलीत ही नक्षी?"

"कुठूनही नाही. घरीच केली," काकू म्हणाल्या आणि खांद्यावरचा एक सुटा दोरा कापला.