निवड समितीचा लॅपटॉप

आमच्या निवड समितीने आयुष्यात एकही माणूस त्याच्या गुणांवर निवडला नाही, तेव्हा लॅपटॉप ती गुणांवर निवडेल असं समजणं हा माझाच भाबडेपणा होता. 'आमच्या' म्हणतो खरा, पण समितीत मला घेतलं ते अगदी अलीकडे, तेही पिशव्या धरायला कुणीतरी हवं म्हणून.

समिती म्हणजे तीन म्हातारे. देवपूरचे तोताराम नाना हे अध्यक्ष. जळगावचे अय्युबभाई, फर्निचरवाले. आणि पाचोऱ्याचे चुडामण अण्णा, ज्यांचे भाचे इतके, की खान्देशात कुठेही दगड मारला तरी एकाला तरी लागतोच. या तिघांनी एके काळी खान्देश एकादश नावाचा क्रिकेटसंघ वर्षानुवर्षं निवडला. दर हिवाळ्यात हा संघ नाशिक-नगरकडे जायचा, हरायचा आणि परत यायचा. निवडीची पद्धत सोपी होती. प्रत्येक तालुक्याला एक जागा. तालुक्यातून कोण, हे त्या तालुक्यात कुणाचं वजन आहे त्यावर ठरायचं. नानांच्या भाषेत याला न्याय म्हणत.

मी यावलचा. ऑफस्पिन टाकायचो. चांगला टाकायचो, असं मी म्हणतो आणि माझ्याबरोबर खेळलेले दोघं-तिघं म्हणतात. निवड चाचणीला मी पहाटेची एसटी धरून जळगावला यायचो, दिवसभर गोलंदाजी करायचो, आणि संध्याकाळी यावलची जागा साखर कारखान्याच्या संचालकाच्या मुलाला जायची. हा मुलगा चेंडूपासून लांब उभा राहण्यात पटाईत होता. माझं नाव राखीवमध्ये. असं एकदा नाही, बऱ्याचदा झालं. नंतर मी एसटीतच वाहतूक नियंत्रक म्हणून लागलो, लग्न केलं, निवृत्त झालो, पण तो राग काही निवृत्त झाला नाही. आमची लताबाई म्हणते, या माणसाला कुणी संघात घेतलं असतं तर मला निदान जेवताना दुसरा विषय ऐकायला मिळाला असता.

आता लॅपटॉपचं. अय्युबभाईंची मुलगी रूही धुळ्यात दिलेली, देवपुरातल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ईदला तिघं तिच्याकडे शीरखुर्मा प्यायला गेले, मीही होतो. तिचा नवरा लॅपटॉपवर क्रिकेटचा एक गेम खेळत बसला होता. बटणं बडवून चौके मारायचा गेम नव्हे. यात तुम्ही निवड समिती असता. संघ निवडायचा, कप्तान नेमायचा, मग सामना आपोआप खेळला जातो आणि पडद्यावर छोटी छोटी माणसं धावताना दिसतात. हवी ती नावं, हवे ते संघ आपण त्यात भरू शकतो. संघ जाहीर केल्यावर कुणी घरी येऊन शिव्या देत नाही हे कळताच नाना त्या गेमच्या प्रेमात पडले. जुन्या खेळाडूंच्या आमच्या मंडळाकडे वर्गणी पडून होतीच. मंडळासाठी लॅपटॉप घ्यायचा, त्यात आपला सगळा जुना खान्देश, दर तालुक्याचा एक संघ करून, भरायचा आणि नानांच्या ओसरीवर बसून त्यातून पुन्हा खान्देश एकादश निवडायचा, असं तिथल्या तिथे ठरलं.

त्या दिवशी मी शीरखुर्म्याची दुसरी वाटी तशीच खाली ठेवली. म्हटलं, एकदा. फक्त एकदा या तिघांच्या तोंडून अकरा जणांत माझं नाव निघू दे. खोट्या मैदानावर का होईना. या वयात असलं काही हवंसं वाटणं हास्यास्पद आहे, हे मला माहीत होतं. तरी हवं होतं.

अडचण अशी की चुडामण अण्णांनी लॅपटॉप आधीच निवडून ठेवला होता. त्यांच्या भाच्याचं पाचोऱ्यात मोबाइलचं दुकान, तिथे एक लॅपटॉप बरेच दिवस काचेआड बसलेला. अण्णा आपल्या अहिराणीत म्हणाले, "घरचा माणूस शे, फसवाव नई." मी गुपचूप रूहीला फोन करून त्या मॉडेलचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "काका, त्यात चार जीबी रॅम आहे. गेम चालू होईल, पण तुमचे सगळे संघ एकदम भरले की गुडघे टेकेल. तीन-चार संघच ठेवावे लागतील." आता तीन-चार संघच ठेवायचे म्हटल्यावर यावल आधी उडणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चार जीबीचा लॅपटॉप आला की मी पुन्हा राखीव.

म्हणून मी हट्ट धरला की निदान धुळ्यातल्या एका दुकानात जाऊन पाहू तरी. समिती पाहणीला निघाली. नानांनी त्यासाठी कोट घातला.

दुकानातला पोरगा रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड असं भराभर सांगत होता आणि तिघं आपापल्या पद्धतीने पाहत होते. अय्युबभाईंनी प्रत्येक लॅपटॉपवर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकला. सागवान आणि प्लायवूड ओळखायची त्यांची तीच रीत. एकाला तर त्यांनी "आतून पोकळ आहे" म्हणून बाद केलं. चुडामण अण्णा झाकण उघडत होते, मिटत होते, आणि प्रत्येक वेळी भाच्याच्या लॅपटॉपचं झाकण किती सुरेख मिटतं ते सांगत होते. नाना लॅपटॉपकडे बघतच नव्हते. त्यांनी त्या पोराला विचारलं, "कोनता गावना रे तू?"

"शिरपूरचा, बाबा."

"कोना पोऱ्या?"

त्याने बापाचं नाव सांगितलं. नानांनी मान हलवली. त्या घराण्याशी त्यांचं काही तरी जुनं बिनसलेलं असावं, कारण त्यांनी लगेच पाचोऱ्याच्या लॅपटॉपची चौकशी सुरू केली. अण्णा खुशीत आले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग माझ्या डोक्यात आलं की या लोकांशी रॅमच्या भाषेत बोलण्यात अर्थ नाही. मी नानांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "नाना, अण्णांचा लॅपटॉप बेस आहे. पण त्याच्यात सगळे तालुके मावत नाही. तीन-चारच मावतात."

नाना वळले. "मंग बाकीना?"

"बाकीचे काढा लागतील."

"कोनता तालुका काढाना?"

"ते तुम्ही ठरवा. तुम्ही अध्यक्ष."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. अमळनेर काढला तर अय्युबभाईंचे तिथले दुसरे व्याही रुसणार. चोपडा काढला तर नानांची तिथे दिलेली मोठी मुलगी माहेरी यायची थांबणार. पाचोरा काढायचं नावच नको. वास्तविक हे सगळं एका खेळण्यातलं, नावंही आम्हीच भरणार, बघणारेही आम्हीच. पण तालुका गाळणं ही गोष्ट या तिघांनी उभ्या जन्मात केली नव्हती. माणसं गाळली, तालुका नाही.

"बठ्ठा तालुकास्ले न्याय भेटाले पाहिजे," नाना म्हणाले. "ज्यामा बठ्ठा मावतीन तोच ल्या."

शिरपूरच्या पोराने सोळा जीबीचा, जाडजूड, खालून गरम हवा फेकणारा लॅपटॉप समोर ठेवला. अय्युबभाईंनी टकटक केली आणि म्हणाले, "हा भरीव आहे." अण्णांचं तोंड उतरलं, पण त्यांना दुकानातून लॅपटॉपची बॅग भेट म्हणून मिळाली आणि ती त्यांनी भाच्याकडे पाठवली. अशा रीतीने योग्य लॅपटॉप साफ चुकीच्या कारणाने निवडला गेला. मला काय, माझं काम झालं होतं.

पुढच्या रविवारी नानांच्या ओसरीवर बैठक बसली. रूही लॅपटॉपसमोर, बाकीचे भोवती. नावं भरायला सुरुवात झाली. प्रत्येक खेळाडूला वीसपैकी आकडे द्यावे लागत होते, फलंदाजी किती, गोलंदाजी किती, दम किती. तिघं सढळ हाताने वाटत होते. संचालकाच्या मुलाला फलंदाजीचे सोळा मिळाले. मी दात-ओठ खाल्ले.

आणि मग अकरा जण निवडताना नाना स्वतःच म्हणाले, "यावलनी जागावर आपला भिकनले घाल. त्याना मुळेच तं हाऊ लॅपटॉप भेटी गया."

मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हे. अकरा जणांत माझं नाव निघालं. खरं सांगतो, मला भरून आलं. मी ओसरीच्या कडेला जाऊन उगाच चपला सरळ केल्या.

"काका, गोलंदाजी वीसपैकी किती टाकू?" रूहीने विचारलं.

"वीस लिख," नाना म्हणाले. "आपला माणूस शे."

अय्युबभाई म्हणाले, "लिही, लिही. आपल्यासाठी किती फिरला बिचारा."

आणि तिथेच माझं बिनसलं. आयुष्यभर ज्या वशिल्याच्या नावाने बोटं मोडली तोच वशिला माझ्यासाठी पाट मांडून बसला होता. या वीसवर मी उद्या आठ बळी घेतले तरी ते लॅपटॉपची पिशवी धरल्याचे असणार. मला तो आकडा नको होता. मला खरा आकडा हवा होता, मग तो सात का असेना.

"नाना," मी म्हणालो, "उपकाराचं नको मले. मी चाचणीले येत व्हतो, तुम्ही तिथंच बसेल राहत होते. तेव्हा तुम्हाले जसा दिसलो तसं सांगा. बारा म्हणा, नऊ म्हणा. पण खरं सांगा."

नानांनी अय्युबभाईंकडे पाहिलं. अय्युबभाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा लॅपटॉपच्या वायरकडे बघायला लागले.

"भिकन," नाना हळूच म्हणाले, "खरं सांगू का, तुले खेयतांना आम्हीन कधी दखंच नई."

"म्हणजे?"

"दुपारना ऊन तोंडवर ये. म्हनीसन खुर्च्या उलट्या फिराई लेऊत. संघ तं आदला दिनच घरमा ठरी जाये. तुलेच काय, कोनलेच दखं नई." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, उलट वाईट वाटल्यासारखं होतं. "तू बरा व्हता का वाईट, आम्हले काय माहीत?"

मी इतकी वर्षं समजत होतो की या तिघांनी माझा चेंडू वळताना पाहिला आणि पाहूनही मला डावललं. त्या समजुतीवर मी माझा सगळा राग उभा केला होता. त्यात एक मानही होता, हे मला तेव्हा कळलं. डावलायला आधी पाहावं लागतं. माझ्याकडे तर पाठ होती. रागवायचं तरी कुणावर, तीन खुर्च्यांच्या पाठींवर?

रूहीचं बोट अजून तिथेच थांबलं होतं. तिला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "काका, रिकामं ठेवलं तर गेम स्वतःच एक आकडा धरतो. आपल्याला दाखवत नाही. सामन्यात खेळ बघूनच अंदाज घ्यायचा."

"रिकामं ठेव," मी म्हणालो.

मग मी उठलो आणि नानांची खुर्ची, नानांसकट, लॅपटॉपच्या अगदी समोर ओढली. त्यांचा चष्मा त्यांच्या सदऱ्याला पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. "आता बघा," मी म्हणालो. "बाकी काही करू नका. बसून बघा."

नाना खरंच बसले. सामना सुरू झाला. हिरव्या मैदानावर पांढऱ्या कपड्यातली माणसं धावू लागली. नाना पुढे वाकून बघत होते, इतके की त्यांचा श्वास पडद्यावर उमटत होता. अण्णांनी चहाचं विचारलं तर त्यांनी हातानेच गप्प केलं. पाचव्या षटकात आमच्या एका गोलंदाजाने सुरेख वळलेल्या चेंडूवर फलंदाजाचा मधला दांडा उडवला. पुढच्याच चेंडूवर आणखी एक.

नानांनी न वळताच माझा हात शोधला आणि घट्ट धरला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"भारी टाकस रे तू," ते म्हणाले. "आमनी चूक व्हयनी. मोठी चूक व्हयनी."

पडद्यावर कोपऱ्यात गोलंदाजाचं नाव बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं, ते नानांना वाचता येत नव्हतं. तो चोपड्याचा शाहबाज होता. रूहीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच तिला गप्प राहायला सांगितलं.

"होते चूक, नाना," मी म्हणालो, आणि हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला. माझं षटक अजून यायचं होतं.