तीन नंबरच्या प्रेसचा रुसवा

चाकणच्या त्या कारखान्यात मोटारीचे पत्रे दाबून आकाराला आणणारा तीन नंबरचा प्रेस खंडेनवमीपासून रुसला होता. दहा-वीस पत्रे नीट दाबायचा आणि मग कारण न सांगता थांबायचा, जावईबापूंसारखा. बिघाड काढायचं काम निरंजनचं, आणि त्याचा जीव टांगणीला लागलेला. बायको बाळंतपणाला परभणीला, लेकीचं बारसं रविवारी, आणि बापाने लेकीला अजून फोनवरच पाहिलेलं. प्लांटचे मोठे साहेब अर्जुनराव यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आधी प्रेस, मग रजा."

निरंजनने काय करायचं बाकी ठेवलं होतं? वायरी बदलल्या, प्रोग्राम दोनदा नव्याने टाकला, पाच वेळा 'का' विचारायचा कंपनीचा तक्ता भरला. पाचव्या 'का'पुढे 'नशीब' लिहिलं आणि खोडलं. अक्कल संपली की माणसाला देव आठवतो. सोमवारपासून तो सकाळी आल्या आल्या प्रेसला कुंकू लावून हात जोडू लागला. पूजेच्या दिवशीचा टिळा होताच, त्याच्यावरच बोट टेकवायचा. प्रेस मात्र जास्तच हटून बसला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत झाडलोट करणाऱ्या कस्तुरामावशींपुढे त्याने मन मोकळं केलं. मावशींना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे सगळं सोपं करून सांगावं लागलं.

"पत्रा आत आला की मशीनच्या डोळ्याला दिसतो. दिसला तर प्रेस दाबतो, नाही दिसला तर थांबतो."

"डोळा कंचा?"

निरंजनने बोट दाखवलं.

"त्यो व्हय? मग त्यात रोज कुंकू कशापायी घालताय सायेब?" मावशींनी झाडू टेकवून विचारलं. "मला वाटलं, कंपनीची रीत हाय. मी पुसाया गेले, तर तुमीच म्हणला, देवाचं हाय, हात लावू नका."

निरंजन ताडकन उठला. मग त्याने ओलं फडकं आणलं आणि ती बोटभर काच पुसली. फडकं लाल झालं. प्रेस त्यानंतर दोन तास एकदाही न थांबता चालला, आणि निरंजनला आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली. बिघाडाचं कारण आणि चूक करणाऱ्याचं नाव कागदावर लिहून दिल्याशिवाय रजेच्या अर्जावर सही होत नसे. सगळा प्लांट आता वर्षभर आपल्याला हसणार, हे त्याला दिसत होतं. पण लेकीसाठी तेही चालेल, असं ठरवून तो अर्जुनरावांपुढे उभा राहिला आणि खरं ते सांगून टाकलं.

अर्जुनराव पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "शाबास रे भक्ता. कधीपासून लावतोयस कुंकू?"

"सोमवारपासून, साहेब."

"आणि प्रेस कधीपासून थांबतोय?"

"खंडेनवमीपासून."

बोलून गेल्यावर निरंजनच्या ध्यानात आलं, की त्या दिवशी पूजेचं ताट कुणाच्या हातात होतं. अर्जुनरावांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांचं हसू थांबलं. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, घसा साफ केला.

"कारण लिही, काच मळली होती. नावाचा रकाना राहू दे मोकळा. रजा किती मागितलीस?"

"एक दिवस."

अर्जुनरावांनी अर्ज ओढला, एकाचा आकडा खोडून पाच केला आणि सही ठोकली.

"आजच्या गाडीने नीघ," ते म्हणाले. "आणि जाता जाता खाली कुणाशी गप्पा मारत थांबू नकोस."