समोरच्यांकडे आहे का?

थोरल्या जावेच्या कंपनीत कुठल्याही नव्या कल्पनेला पहिला प्रश्न ठरलेला असे: "समोरच्यांकडे आहे का?" समोरचे म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनी, आणि तिथे नोकरीला होती धाकटी जाऊ. घरात ओटा एक, पगार दोन हाडवैऱ्यांचे.

थोरलीची कल्पना साधी होती. माणसाने रागात निरोप लिहिला की कंपनीच्या ॲपने तो जरा थोपवून धरायचा आणि विचारायचं, अजून पाठवायचाय का? साहेबांनी ऐकून घेतलं. समोरच्यांकडे असलं काही नव्हतं.

"मग लोकांना नकोच असणार," ते म्हणाले. वर हेही बजावलं, की या महिन्यात तिचं काही मंजूर झालं नाही तर खुर्ची सोडावी लागेल.

घरी तिने धाकटीला गळ घातली. "तुमच्याकडे आधी आण ना."

"ताई, आमचे साहेब तुमच्या साहेबांचे सख्खे भाऊ शोभतील. तुमच्याकडे दिसल्याशिवाय पाण्याला पाणी म्हणत नाहीत."

मग थोरलीने स्वतःच एक स्क्रीनशॉट बनवला, त्यावर समोरच्यांचं बोधचिन्ह डकवलं आणि साहेबांपुढे धरला. "त्यांच्याकडे येतंय म्हणे."

जेवणाच्या सुट्टीआधी मंजुरी. सोय आली, लोकांना आवडली, आणि साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, "आम्ही कुणाच्या पावलावर पाऊल टाकत नाही." टाळ्या पडल्या. टाळ्यांना भांडवल लागत नाही.

पण तो स्क्रीनशॉट फिरत फिरत समोरच्यांच्या हाती पडला. आपल्याकडे अशी सोय होती का, हे तिथे कुणालाच आठवेना. पण चोरीला गेली म्हणजे असणारच, यावर एकमत झालं.

धाकटी पडलेल्या चेहऱ्याने घरी आली. "मी फोडलं म्हणतात. जाऊ तिथे आहे, हाच पुरावा. उद्या काढतील."

थोरलीने आपल्या नोकरीचा हिशोब मांडला, मोडला, आणि सकाळी साहेबांना गाठलं. "तो स्क्रीनशॉट खोटा होता. कल्पना माझीच."

"त्यांची नाही?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"म्हणजे कुणी चाखूनही न पाहिलेलं आपण लोकांना वाढलं?" साहेब घाम पुसू लागले. "आणि मी व्यासपीठावर बोललो ते..."

"खरं निघालं, साहेब."

चोरी पकडली गेली असती तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता. खोट्या स्क्रीनशॉटचं बालंट आपल्यावर नको म्हणून त्यांनी सगळं समोरच्यांना लेखी कळवलं आणि थोरलीला नारळ दिला.

धाकटी सुटली. कल्पना आपली नव्हतीच हे कळल्यावर तिच्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. आता ती बिनधास्त उचलता येणार होती. हुकूम सुटला धाकटीलाच.

"ताई, तो राग ओळखायचं कसं बसवलंत? सांगा ना जरा."

थोरली भांडी विसळत होती. "सांगेन की. आधी तुझ्या साहेबांना विचार, मला घेतात का. पगार आधीच्यापेक्षा थोडा चढाच सांग."

"काढून टाकलेल्या बाईला चढा पगार?"

"काढलं कशाला सांगतेस? पळवून आणतेय म्हण."

धाकटीने फोन लावला. भांडी पालथी घालून होण्याआधी होकार आला.