पाच वेढे

हातमोज्यांच्या सहाव्या जोडातही गाठ बसेना, तेव्हा आत्याने गळाचा दोरा, तंगूस, दातांत धरून खेचला, आणि गळ टुणकन उडून काउंटरखाली गेला.

"अहो आजी, जपून!" दुकानदार गळ शोधायला वाकला.

"आजी कोणाची हो? तुमच्याकडून आजवर गळाच्या तीन काठ्या नेल्यात मी. सातवा जोड काढा."

दुकानदाराने मुकाट्याने सातवा काढला. शेजारी भाची हाताची घडी घालून उभी होती. ती नर्स, ड्यूटीवरून थेट आलेली, पायांत अजून पांढरे बूट. अट तिचीच होती. हातमोजे घालून, इथेच, तिच्यासमोर, एक गळ बांधून दाखवायचा. जमलं तर तळ्यावर जायचं, नाही तर काठी माळ्यावर.

अट काही उगाच नव्हती. कारखान्यात तीस वर्षं पॉलिशचं थरथरणारं मशीन धरून आत्याच्या हातातलं रक्त असं रुसलं होतं, की जरा गारठा लागला की ते बोटांच्या टोकांकडे फिरकायचंच नाही. गेल्या रविवारी ती तळ्यावरून आली, चहाचा कप धरून हात शेकत बसली, आणि भाचीने पाहिलं तर अंगठ्यात गळ रुतलेला. आत्याला पत्ताच नव्हता! भाचीने तो काढला, पट्टी बांधली, आणि पुढे दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

"परत रुतला आणि कळलंच नाही तर?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं होतं.

"तर तू काढशील. नर्स कशाला झालीस मग?"

तेवढ्यावरून ही अट निघाली होती.

सातवा जोड रबरी होता, आतून लोकरीचा. "हाताला अगदी चापून बसतो," दुकानदार म्हणाला. खरंच बसला. आत्याने तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवला, पाच वेढे दिले, टोक मागे घेतलं, थुंकी लावली आणि ओढलं. गाठ घट्ट बसली.

"घे! बघ!" तिने गळ भाचीच्या नाकासमोर नाचवला. "आता बोल!"

भाचीने आत्याचा हात धरला आणि मोजा उपसून काढला. दुकानात हीटर चालू होता, तरी चार बोटं पेरापर्यंत पांढरीफटक पडली होती. भाचीने एक नख दाबून सोडलं. रंग काही परतला नाही.

"गाठ बसली, पण रक्त अडलं. असा घट्ट मोजा तुला चालायचाच नाही, आत्या."

आत्याने हात हिसकावून काखेत घातला. तिला मघाशीच कळलं होतं. वाटलं होतं, हिच्या लक्षात यायचं नाही.

"सगळ्यात ढगळा जोड कुठला?" भाचीने विचारलं.

दुकानदाराने वरच्या फळीवरून दोन गलेलठ्ठ मोजे काढले. चार बोटं एका खोलीत, अंगठ्याचं बिऱ्हाड वेगळं. आत्याने नाक मुरडत हात घातले. थोड्या वेळाने बोटांना मुंग्या आल्या, मग ऊब आली. इतकी ऊब तिच्या बोटांना कित्येक हिवाळ्यांत लागली नव्हती. तिने गळ उचलायला पंजा टेकला. गळ नुसता काचेवर सरकत राहिला.

"तयार बांधलेले गळ मिळतात की," दुकानदाराने एक पाकीट पुढे केलं. "नुसते अडकवायचे."

"कोणी बांधले, कसे बांधले, मला काय ठाऊक? माझ्या डोळ्यांदेखत मारलेली गाठ नसेल तर मला नको."

"मग राहू दे ना आत्या," भाचीचा आवाज उतरला. "घरी बस. उबेत."

"नाही बसणार!" आत्या इतक्या जोरात म्हणाली, की दुकानदाराने पाकीट मागे घेतलं. "तीस वर्षं भोंगा वाजला की उठले, भोंगा वाजला की बसले. तळ्यावर मला कोणी ऊठबस करायला सांगत नाही. ते मी सोडायची नाही. हेच मोजे घेणार मी."

"आणि गाठ?"

"तू मार."

"मी?"

"लोकांची कातडी शिवतेस ना? मार."

भाचीने गळ उचलला. तंगूस ओवला, वेढे दिले, ओढलं. गाठ सुर्रकन सुटली. दुकानदार एकाएकी फळ्या पुसायला लागला.

"आणि हातात मोजे नसताना!" आत्या म्हणाली. "तीनच वेढे दिलेस. पाच हवेत. थुंकी कोण लावणार?"

दुसरी गाठही सुटली. तिसऱ्या वेळी भाचीने ओठ आवळून पाच वेढे मोजले, गाठ ओठांनी ओली केली आणि हळूच खेचली. आत्याने दोन जाडजूड पंजांत तंगूस धरून सगळं बळ लावलं. गाठ हलली नाही.

"हं," आत्या म्हणाली. कौतुक तिने तेवढ्यावरच आवरलं. "रविवारी पहाटे निघायचं."

भाची गळाकडे बघत राहिली. मग तिने आपला उघडा हात दुकानदारासमोर काउंटरवर पसरला.

"या मापाचा एक पातळ जोड द्या," ती म्हणाली. "आणि आत्या, रविवारी माझी ड्यूटी आहे. सोमवारी जाऊ."