कुलपातला भोंगा

मित्रांनो, मी हाताने फिरवायचा भोंगा. जुना झालो आहे, पण झिजून नव्हे, नुसता बसून.

साकीनाक्याच्या एका शेडमध्ये मी घडलो. पोटात पात्यांचं चाक, बाजूला दांडा, अंगाला लाल रंग. दांडा फिरला की माझा आवाज टेकडी ओलांडून जाई. आपत्ती येण्याआधीच माणसं वाचवायची, असं काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेने मला विकत घेतलं आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत पाठवलं. घेऊन आली श्रुतिका, मुलुंडची पोर, संस्थेत काही महिन्यांची इंटर्न.

वरच्या ओळीतल्या घरांच्या पाठीशी संरक्षक भिंत, भिंतीमागे डोंगर. श्रुतिकाने बायकांना शिकवलं, "भिंतीच्या भोकांतून गढूळ पाणी आलं, की समजा डोंगर सुटतोय. जिला दिसेल तिने धावायचं. सामान नाही, दागिने नाहीत. आधी भोंगा!"

"आणि नवरा?" एकीने विचारलं.

"त्याला भोंगा तरी ऐकू येईल," वसुधा म्हणाली, "माझी हाक कुठे येते!"

सगळ्या खळखळून हसल्या. सरावात दांडा वसुधानेच फिरवला. तिचं घर भिंतीला अगदी टेकलेलं. लेकीला, गंधालीला, थोपटताना ती गुणगुणायची ते मला ऐकू यायचं:

डोंगरा रे दादा, तुझ्या पायाशी घर माझं
निजलंय लेकरू, हळू टाक तुझं ओझं

मला वरच्या ओळीतल्या खांबावर टांगायचं ठरलं होतं. पण वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष सीतारामकाका कळवळले. "अगो चेडवा, एवढी म्हागाची वस्तू उघड्यार ठेवतंस? देवासारखी जपतंय मी."

"काका, कुलूप नको. ऐन वेळी तुम्हाला शोधत कोण बसणार?"

तिने संस्थेतल्या साहेबांना, देवव्रतना, फोन लावला. ते वैतागले, "चोरीला गेला तर वर काय सांगू मी? लावू दे ना कुलूप, यार!"

श्रुतिकाने फोन ठेवला आणि मला काकांच्या हवाली केलं. मी मंडळाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलो. काका दर मंगळवारी मला पुसत, हळदकुंकू लावत. असा मान कुठल्या भोंग्याला मिळाला असेल? श्रुतिकाची मुदत संपली, सर्टिफिकेट मिळालं, ती गेली.

मग भाद्रपद आला. गणपतीला कोकणातला माणूस मुंबईत राहतो होय? अर्धी वस्ती गावाला गेली. काकाही गेले, आणि सवयीने कपाटाची चावी त्यांच्या कमरेलाच गेली.

पाऊस तीन दिवस धरून होता. भर दुपारी वसुधाला भिंतीतून लाल, गढूळ पाणी दिसलं. गंधाली तापाने निजली होती. शिकवल्याप्रमाणे वसुधा आधी माझ्याकडे धावली. कुलूप पाहिलं. दगड उचलला. एक घाव, दुसरा घाव, "अगं कुणीतरी या गं!" कपाट हादरत होतं, मी आत थरथरत होतो. दांड्याला हात लागल्याशिवाय मला कंठ नाही, मित्रांनो.

तेवढ्यात भिंत कोसळली, गंधाली निजली होती त्या घरावर.

श्रुतिका दुसऱ्या दिवशी आली. वसुधा तिच्यावर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "तू सांगितलंस ना, आधी भोंगा. मी लेकीला ठेवून आधी भोंग्याकडेच गेले गं." श्रुतिकाने तिचे पाय धरले. काका गावाहून परत आले आणि त्यांनी कमरेची चावी काढून दिली. देवव्रत साहेबांनी कपाट उघडून घेतलं, मला न्याहाळलं आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, "नाही नाही, भोंग्याला काही झालं नाही. एकदम नवा आहे."

खरंच आहे. माझ्यावर ओरखडाही नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो, मला जपू नका. भर पावसात टांगा, गंजू द्या, व्रात्य पोरांना उगाच फिरवू द्या, चोरून नेलं तरी नेऊ द्या. मी एक पत्र्याचा तुकडा, दुसरा मिळेल. जपायची ती भिंतीखाली निजलेली लेकरं जपा.