करड्या घोडीचा गोल

पोलो म्हणजे नेमकं काय, हे अंजूला रविवार उजाडेपर्यंत नीट कळलं नव्हतं. घोड्यांवर बसून चेंडू मारतात आणि या सामन्यातून जमणाऱ्या पैशांतून खेड्यापाड्यांत फिरणारा डोळ्यांचा दवाखाना सुरू होणार, एवढंच तिला ठाऊक होतं. तेही नवऱ्याच्या, राजकुमारच्या तोंडून ऐकलेलं. तो वणीला कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवायचा. मारेगाव रस्त्यालगतच्या माळावर मैदान करायचं ठरलं, तेव्हा मालकाने टिप्पर दिला आणि राजकुमारने अंगमेहनत. आठवडाभर ड्यूटी संपली की हा गडी घरी न येता तिकडे मातीच्या खेपा टाकायला जायचा.

"पाहजो तू," तो सांगायचा, "घोडे पळतीन ते माह्याच मातीवर."

लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण दोघंही एकाच वेळी जागे आहेत असं क्वचितच व्हायचं. म्हणून हा रविवार अंजूने मनात जपून ठेवला होता. मोहरीच्या फुलांच्या रंगाची साडी काढली, डब्यात पोळ्या घेतल्या आणि दुपारी ती मोटारसायकलवर त्याच्यामागे बसली.

माळावर जत्राच भरली होती. एका बाजूला मंडप आणि खुर्च्या, दुसऱ्या बाजूला दोरीलगत सतरंज्या. पौषातलं ऊन अंगावर मऊ पांघरुणासारखं पडलं होतं. शेजारच्या सतरंजीवर मारेगावकडच्या एका कास्तकाराच्या घरच्या बेबीताई उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी न विचारता ओंजळभर शेंगा अंजूच्या पदरात घातल्या.

घोडे मैदानात आले आणि अंजूचा हात शेंगेवरच थांबला. त्यांच्या शेपट्या वेण्यांसारख्या गुंफून वर बांधल्या होत्या, पायांना रंगीत पट्टे होते. त्यांत एक करडी घोडी होती, पहाटेच्या धुक्यातून कापून काढल्यासारखी. तिच्यावर एक बाई बसली होती.

"अवो, पाहा ना!" अंजू म्हणाली.

राजकुमारचं डोकं हळूहळू कलत तिच्या खांद्यावर टेकलं होतं. पहिला गोल व्हायच्या आत गडी घोरायलाही लागला.

"उठव की त्याले," बेबीताई म्हणाल्या.

"राहू द्या काकू. मैदान त्यायनंच केलं. थकले."

मग तिने एकटीनेच सामना पाहिला. काठ्या हवेत फिरायच्या, चेंडूवर टक्क आवाज व्हायचा आणि आठही घोडे एकदम वळायचे. खुरांचा आवाज आधी जमिनीतून तिच्या मांड्यांना कळायचा, मग कानांना. थोडा खेळ झाला की सगळे थांबायचे. त्याला 'चक्कर' म्हणतात, असं माइकवरच्या माणसाने सांगितलं. प्रत्येक चकरेला घोडे बदलायचे. करडी घोडी दुसऱ्या चकरेत दिसेना, तेव्हा अंजूला उगाच चुकल्यासारखं झालं.

"काकू, हे निळेवाले आता उलटीकडं काहून पळून राह्यले?"

"गोल झाला का बाजू बदलते म्हंते. मी तर मोजनंच सोडलं, बाई. घोडे पाहाचे, बस."

अंजूनेही मग मोजणं सोडलं. ऊन, खुरांचा ठेका, खांद्यावरचा उबदार श्वास, सगळं एकात एक मिसळून गेलं. लहानपणी तांड्यावर तिचा आजा सांगायचा, की आपली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायची, आणि तांड्याच्या नायकाचा घोडा सगळ्यांच्या पुढे चालायचा. तो घोडा कसा असेल, हे तिला कधी डोळ्यांसमोर आणता आलं नव्हतं. आता त्याला रंग मिळाला.

मध्यंतर झालं आणि माइकवरचा माणूस म्हणाला, "मंडळी, मैदानात या! खुरांनी उखडलेली ढेकळं पायांनी दाबून द्या. पोलोत हे काम पाहुण्यांचं असतं."

अंजूने राजकुमारचं डोकं अलगद पिशवीवर टेकवलं.

"काकू, यायच्याकडं ध्यान द्या जरा."

"जाय. कोन नेते त्याले!"

चपला काढून ती दोरीपलीकडे गेली. शंभरेक माणसं मैदानभर पसरली होती. कोणी बुटाने, कोणी टाचेने, जो तो खाली पाहत हळूहळू पाय आपटत होता. माती वरून उन्हाने तापलेली आणि आत गार. गवताचं एकेक ढेकूळ ती खळग्यात बसवायची, वर पाय ठेवून उभी राहायची आणि पुढे जायची. कोणी काही बोलत नव्हतं. तिला वाटलं, आपण झोपेत चालतोय आणि उठवायला कोणी येऊ नये.

चालता चालता ती पार मैदानाच्या टोकाला आली. तिथे करडी घोडी उभी होती.

"जरा लगाम धरता?" स्वार बाई म्हणाली. "खोगिराचा पट्टा सैल झालाय."

अंजूने लगाम धरला. घोडीने मान खाली घातली आणि तिच्या तळहातावर गरम, ओला श्वास सोडला. अंजूने आपोआप गोरबोलीत, घरच्या भाषेत, तिला दोन शब्द सांगितले. काय सांगितलं, ते तिला स्वतःलाही नंतर आठवलं नाही. घोडीचे कान मात्र वळले.

शेवटच्या चकरेत घोडी परत आली. गर्दी उभी राहिली. गोलाच्या तोंडाशी घोड्यांची दाटी झाली, काठ्या एकमेकींत अडकल्या आणि चेंडू कोणाच्याच काठीला न लागता करड्या घोडीच्या पायावर आपटून सरळ दोन खांबांमधून गेला. झेंडा वर झाला. घोडीच्या पायाने गेला तरी गोल तो गोलच, असं माइकवरून सांगितलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

त्या आवाजाने राजकुमार धडपडून उठला.

"सुरू झाला काय?"

बेबीताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

सामना संपल्यावर ते दोघं राजकुमारच्या तांड्याकडे, सासूला भेटायला निघाले. मारेगावला चहाच्या टपरीवर थांबले तेव्हा राजकुमार पडेल आवाजात म्हणाला, "उठवाचं होतं ना मले."

"सांगते ना मी सगळं," अंजू म्हणाली आणि तिने सुरुवात केली. हातांनी काठ्या फिरवल्या, बाकावर खुरांचा ठेका धरला, आपण करड्या घोडीशी बोललो तेही सांगितलं. रंगात आल्यावर एक घोडा आपल्या सतरंजीवरून उडी मारून गेला, असंही सांगून टाकलं.

"माह्या अंगावरून?" राजकुमारने छाती चाचपली. "आन् मले कळलं बी नाई!"

"मंग करड्या घोडीनं पायानं गोल केला."

"आता फेकू नको."

"खरंच! याडीची, माह्या मायची आन."

चहावाला उकंडाही गाळणी हातात तशीच धरून ऐकत होता. चहा भांड्यातून वर आला तेव्हा कुठे तो भानावर आला. घाईने गॅस कमी करत त्याने विचारलं, "मंग जिकलं कोन, वहिनी?"

निळे की पिवळे? गोल किती झाले? अंजूने आठवून पाहिलं. डोळ्यांसमोर नुसतं ऊन आलं, आणि त्या उन्हात सावकाश पाय ठेवत चालणारी माणसं.

"नाई मालूम," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. राजकुमारही हसला. कप खाली ठेवून तो तिच्याकडे सरकून बसला.

"बरं, ते राहू दे. घोडीच्या कानात काय बोलली, थे सांग."

"आठवत नाई."

"मंग आता बोल काईतरी. मी जागा हाओ."

अंजूने उकंडाला अजून दोन चहा सांगितले.