उजेडाची बाजू

सासूबाईंनी कोट उंबऱ्यापर्यंत नेला, उन्हात उलटसुलट करून पाहिला आणि परत आणून दिव्याखाली पसरला.

"हा नको. ह्यात सगळ्याला कावीळ झालीय."

दिवेवाल्याने मुकाट्याने दुसरा दिवा जोडला. आपण दिवे विकायला आलोय, परीक्षेला नाही, हे सांगायची काही त्याची छाती झाली नाही.

कोट राखाडी होता. कोपराजवळचं भोक सासूबाईंनी असं रफू केलं होतं की दुकानात कुणाला दाखवूनही सापडलं नसतं. उन्हात मात्र तेवढाच तुकडा हिरवट दिसायला लागला आणि गिऱ्हाइकाने कोट परत आणून दिला. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातचा कपडा कधी परत आला नव्हता. जुना बल्बच मेला दगाबाज, असं त्यांनी जाहीर केलं. सुनेने मान डोलावली. घर त्या एका सुईवर चालत होतं. सून शिवण उसवायची, इस्त्री करायची. रफूच्या सुईला मात्र तिने हात लावायचा नाही. "आधी बघायला शीक," एवढंच तिने आजवर ऐकलं होतं.

"हा निळा. जिवंत माणूस मढं दिसेल ह्यात."

"आजी, लोक हाच नेतात हो."

"लोकांचं काय सांगता, लोक काहीही नेतात."

तिसरा दिवा लागला. पांढरा, स्वच्छ, भर दिवसासारखा. सासूबाईंनी राखाडी दोऱ्याच्या दोन लड्या कोटावर ठेवून दारात नेल्या, परत आणल्या. दारात जो रंग, तोच दिव्याखाली. सुनेला ते लांबूनच दिसलं.

"हाच," सासूबाई खुलल्या. "बघ, आता कसा चपखल रंग मिळाला!"

त्यांनी उचललेली लडी हिरवट होती. पहिल्या खेपेला वापरलेलीच.

सुनेने ते पाहिलं. बोलावं तर त्यांना लागणार, न बोलावं तर कोट पुन्हा परत येणार.

"आई, ती हिरवट आहे."

दिवेवाला उगाचच वायर गुंडाळायला लागला.

"थोडीशी?"

"नाही. चांगलीच."

सासूबाईंनी लडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग ती हळूच खाली ठेवली. बराच वेळ त्या टेबलाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिल्या.

"हाच बसवा," त्या शेवटी दिवेवाल्याला म्हणाल्या. "इथे. खुर्चीच्या डाव्या अंगाला."

"अहो आई, डावीकडे कसा?" सून पुढे झाली. "तुम्ही डावखुऱ्या. तुमच्या हाताची सावली टाक्यावर पडेल."

"माझ्या हाताची पडेल," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नाही पडणार."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या उठल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"स्क्रू नीट आवळा हो," त्या दिवेवाल्याला म्हणाल्या. "आता तो हलवायचा नाहीये."